पिस्तुलाचा हात आणि पहिली रायफल



लेखाचे नाव वाचून काही वाचक म्हणतील, जन्मभर फळ्यावर गणिते सोडविणाऱ्या माणसाला हे कुठून सुचले? विषय आम्ही शोधलेला नाही, तो आमच्या घरी चालत आला आहे. इस्रायलहून नोकरीसाठी इकडे आलेली आपली मुले स्लाऊ आणि आसपासच्या गावांत राहतात. त्यांतल्या कोणी सैन्यात पूर्ण सेवा केलेली असते, कोणाकडे तिकडे एकदाखचा म्हणजे पिस्तुलाचा परवाना असतो. मुंबईहून आलेल्यांत एखादा वरळीच्या रेंजवर पिस्तुलाची नेमबाजी शिकलेला निघतो. इथे स्थिरावल्यावर त्यांना जुना छंद आठवतो आणि ते विचारतात, "मामा, इथे पिस्तूल मिळत नाही म्हणतात. मग सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊ का? घ्यायची तर कोणती?" पुढे काही महिन्यांनी तोच मुलगा एक फॉर्म घेऊन येतो आणि म्हणतो, "इथे तुमची सही लागेल."

प्रश्न तरुणाचा असला तरी सही म्हाताऱ्याची असते. शिवाय ती रायफल ज्या घरात राहणार, त्या घरात पुष्कळदा आपणच राहत असतो. म्हणून हा विषय आपल्या वयाच्या माणसांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आमची बंदुकीशी ओळख एनसीसीतली. तेव्हा हातात मिळे ती पॉइंट टू-टू रायफल. एक गोळी भरायची, एक सोडायची, बोल्ट हाताने मागे ओढायचा. इथे नात्यातल्या मुलांबरोबर क्लबात जाऊन बसलो, तेथील जुन्या लोकांना विचारले, नियम वाचले. त्यातून जे कळले ते क्रमाने मांडतो.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय?

चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. त्या काडतुसाच्याच जोराने बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत जाऊन बसते. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्यांची सरच सुटते ते शस्त्र पूर्ण ऑटोमॅटिक. ते कोणत्याही खाजगी माणसाला येथे मिळत नाही. आजकालची बहुतेक पिस्तुले सेमी-ऑटोमॅटिकच असतात. म्हणून पिस्तूल चालविणाऱ्याला वाटते की रायफल म्हणजे तेच यंत्र, फक्त नळी लांब. यंत्र सारखे असले तरी शरीराला ते वेगळे लागते. त्याकडे पुढे येऊ. आधी कायदा.

येथे काय मिळते आणि का

१९ ऑगस्ट १९८७ रोजी हंगरफोर्ड गावात एका माणसाने १६ जणांना ठार मारले. हंगरफोर्ड आमच्याच बर्कशर परगण्यात, स्लाऊच्या पश्चिमेला आहे. त्याच्याजवळची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि पिस्तूल दोन्ही परवान्याची होती. त्यानंतर १९८८ च्या कायद्याने सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली. अपवाद एकच राहिला, .२२ रिमफायर.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावी प्राथमिक शाळेत एक माणूस परवान्याची पिस्तुले घेऊन शिरला. १६ लहान मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. ज्यांनी वर्गात हजेरी घेतली आहे, त्यांना याहून अधिक काही सांगायला नको. १९९७ साली दोन कायदे झाले. पहिल्याने मोठ्या कॅलिबरची पिस्तुले गेली, दुसऱ्याने .२२ चीही गेली. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधील लोकांनी सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुले सरकारजमा केली. बंदी इतकी कडक होती की ऑलिंपिकच्या पिस्तूल नेमबाजांनाही सरावासाठी परदेशी जावे लागे. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेसाठी आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली.

तेव्हा पिस्तूल नेमबाजीत वर्षानुवर्षे घालविलेल्या हजारो लोकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला, की आता हातात काय धरावे? कोणी हवेच्या पिस्तुलाकडे वळले. कोणी तोंडाकडून दारू भरायच्या जुन्या पद्धतीच्या पिस्तुलाकडे गेले. पुष्कळांनी .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली. काहींनी लिव्हर ओढून चालणारी, पिस्तुलाचेच काडतूस घेणारी रायफल घेतली. ती हाताने चालते म्हणून बंदीत येत नाही. आमच्याकडून वीस-बावीस मैलांवर सरे परगण्यात बिस्ली येथे १८९० पासून नॅशनल रायफल असोसिएशनची मोठी चांदमारी आहे. तेथे २५ आणि ५० मीटरवर अशा रायफलींच्या स्पर्धा होतात. या खेळाला गॅलरी रायफल म्हणतात. आपल्या मुलांचा प्रश्न नवा नाही. तो या देशाने एकदा सोडविलेला आहे.

तात्पर्य, स्लाऊत राहणाऱ्याने 'कोणत्या कॅलिबरची सेमी-ऑटोमॅटिक घेऊ' याचा विचार करण्याचे कारणच नाही. उत्तर एकच, .२२ रिमफायर. इस्रायलमध्ये सैन्यात वापरलेल्या रायफलीसारखी दिसणारी मिळेल, पण आत काडतूस हेच असेल.

हे काडतूस काही कमी लेखू नये. रिमफायर म्हणजे ज्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. गोळी साधारण अडीच ग्रॅमची, धक्का नाममात्र, आवाज बेताचा. पण मोकळ्या रानात ती सव्वा-दीड किलोमीटर जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. एनसीसीत आम्ही तिला 'टूटू' म्हणून हसत असू, पण आमचे हवालदार कधी हसले नाहीत.

कारण कोणते सांगणार?

इथे एक अवघड गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, किप्पूरच्या दिवशी, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला. तेव्हापासून आपल्या तरुणांच्या बोलण्यात 'घरात काहीतरी असावे' हे वाक्य येऊ लागले आहे. इस्रायलमध्ये आणि भारतातही स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण होऊ शकते. ग्रेट ब्रिटनमध्ये ते होत नाही. पोलिसांना योग्य कारण दाखवावे लागते, आणि ते म्हणजे मान्य क्लबातील नेमबाजी किंवा परवानगी असलेल्या जमिनीवर ससे वगैरे उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त. फॉर्मवर नेमबाजी लिहायची आणि मनात पहारा ठेवायचा, हे खोटे बोलणे झाले. खोटी माहिती देऊन सर्टिफिकेट मिळविणे गुन्हा आहे. दुसऱ्यासाठी जाणूनबुजून खोटे लिहून देणाऱ्यालाही तो लागतो.

आणि व्यवहाराचे पाहावे तर कुलूपबंद कपाटातली रिकामी .२२ रायफल अशा प्रसंगी उपयोगाची नाही. ज्याला राखण करायची इच्छा आहे त्याने कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टच्या स्वयंसेवकांत नाव घालावे. ते प्रशिक्षण देतात आणि शस्त्राशिवाय दारावर उभे राहतात. पिस्तुलाचा सराव केलेला शांत डोक्याचा तरुण तेथे खरोखर हवा असतो.

आधी क्लब, मग रायफल

परदेशातला परवाना येथे चालत नाही. वीस वर्षांचा अनुभव असो, मिलुईमची सेवा असो, येथे सुरुवात पहिलीपासून. होम ऑफिसने मान्य केलेल्या रायफल क्लबात नाव घालावे लागते. निदान तीन महिने उमेदवारीचे असतात आणि त्या काळात नियमित हजर राहून शिकावे लागते. पूर्ण सभासद झाल्यावर, क्लबातल्या सरावापुरती, क्लबाची रायफल स्वतःचे सर्टिफिकेट नसतानाही चालविता येते.

ही सोय लहान समजू नये. दुकानात जाण्यापूर्वी चार-पाच प्रकारच्या रायफली खांद्याला लावून, प्रत्येकीतून शंभर-दोनशे गोळ्या सोडून पाहता येतात. अनुभवी पिस्तूलवाल्याला हे तीन महिने जाचक वाटतात. आमचे म्हणणे उलट आहे. रायफल निवडण्याची खरी जागा हीच, दुकानाचा काउंटर नव्हे.

मग सर्टिफिकेटचा अर्ज स्लाऊसाठी थेम्स व्हॅली पोलिसांकडे जातो. सर्टिफिकेट पाच वर्षांचे असते. पहिल्या वेळची फी फेब्रुवारी २०२५ मध्ये १९८ पाउंड झाली. कोणत्या प्रकारची, कोणत्या कॅलिबरची रायफल आणि किती काडतुसे, हे त्यावर लिहिलेले असते. लिहिले नसेल ते घेता येत नाही. डॉक्टरकडून प्रकृतीची माहिती जाते, पोलीस घरी येऊन कपाट पाहतात, घरच्यांशी बोलतात. आणि दोन ओळखीच्या माणसांचा दाखला लागतो. त्याबद्दल शेवटी लिहितो.

पिस्तुलाचे काय कामी येते, काय आड येते

कामी येते ते बोट. चाप झटक्याने न ओढता हळूहळू दाबत जाणे, गोळी सुटण्याची वाट न पाहणे, सुटल्यावरही क्षणभर नेम न सोडणे. पिस्तुलावर हे शिकायला वर्षे लागतात, आणि ते रायफलीवर जसेच्या तसे चालते. शिस्तही कामी येते. नळी कोणाकडे करू नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये, ही सवय ज्याला आहे त्याला नव्याने शिकवावे लागत नाही.

आड येणाऱ्या गोष्टी चार.

पहिली, डोळा. पिस्तूल हात लांब करून धरतात, त्यामुळे उजव्या हाताचा माणूस ते सहज डाव्या डोळ्यासमोर आणू शकतो. कित्येकांना आपण हे करतो याचा पत्ताही नसतो. रायफलीचा दस्ता उजव्या खांद्यावर आणि गाल दस्त्यावर टेकला की उजवाच डोळा वापरावा लागतो. आपला प्रबळ डोळा कोणता हे घरी पाहता येते. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवा आणि त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहा. मग एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना घड्याळ फटीतच राहते तो प्रबळ. तो डावा निघाला, तर रायफल डाव्या खांद्यावर शिकायची की डावा डोळा झाकून उजव्याने नेम धरायचा, हे खरेदीआधी ठरवावे. कारण बहुतेक रायफलींतून पुंगळी उजव्या बाजूला उडते, आणि डाव्या खांद्यावाल्याच्या ती तोंडासमोरून जाते.

दुसरी, उभे राहणे. पिस्तूलवाला बहुधा लक्ष्याकडे छाती करून उभा राहतो. उभ्याने रायफल चालविताना शरीर थोडे तिरके करून वजन हाडांवर घ्यावे लागते, स्नायूंवर नव्हे. पिस्तुलाचे वजन किलोच्या आसपास, रायफलीचे सव्वादोन किलो आणि पुढे. एखादी रायफल दुकानात हलकी वाटते आणि चाळीस गोळ्यांनंतर हात कापू लागतो.

तिसरी, नेमाची रेषा. पिस्तुलात माशी नळीला जवळजवळ चिकटलेली असते. रायफलीवर दुर्बीण बसविली की नजरेची रेषा नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर जाते. पन्नास मीटरवर जुळविलेली रायफल दहा मीटरवर झाडली तर गोळी नेमाच्या खाली लागते. जवळच्या लक्ष्याची सवय असलेला माणूस मग दुर्बिणीला दोष देतो.

चौथी सर्वांत महत्त्वाची. बहुतेक पिस्तुले शेवटची गोळी सुटल्यावर उघडी राहतात. त्यावरून हाताला कळते की शस्त्र रिकामे झाले. .२२ च्या सर्वच रायफली असे करत नाहीत. सर्वांत अधिक खपणारी एक रायफल शेवटच्या गोळीनंतरही बोल्ट मिटून घेते. बंद बोल्ट पाहून तो भरलेला की रिकामा हे कळत नाही. म्हणून नियम पाठ असावा. नळी लक्ष्याकडे. आधी मॅगझिन बाहेर. मग बोल्ट दोनदा मागे ओढून उघडा धरायचा. नळीत काडतूस बसते तेथे डोळ्याने पाहायचे, मग करंगळीने चाचपायचे, आणि रंगीत प्लॅस्टिकची खूण त्यात बसवायची. क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत ठेवून बोल्ट ओढला, तर एक काडतूस बाहेर पडते आणि दुसरे आत जाते. हातचा धरायचा विसरला की गणित चुकते, तसे हे आहे. फरक इतकाच, की येथे खोडून पुन्हा सोडविता येत नाही.

प्रत्यक्ष निवड

आता दुकानात जाऊ. नावे पुष्कळ आहेत, आम्ही तीनच सांगतो, कारण क्लबात तीच वारंवार दिसली.

रुगर १०/२२ ही अमेरिकन रायफल १९६४ साली निघाली. दहा गोळ्यांचे गोल फिरणारे मॅगझिन तिच्या पोटात बसते. रचना साधी, सुटे भाग मुबलक. दस्ता, चाप, नळी पुढे हवे तसे बदलता येते. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मिटणारी ती हीच.

स्मिथ अँड वेसन कंपनीची एम अँड पी १५-२२ ही २००९ साली आली. दिसायला सैनिकी रायफल, अंग बहुतांशी पॉलिमरचे, म्हणून हलकी. दस्ता मागेपुढे करता येतो. मॅगझिनचे बटण बोटाशीच असते आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहतो. पिस्तुलाच्या सवयीला ती जवळची. ज्याने सैन्यात सेवा केली आहे त्याचा हात आपोआप तिच्याकडे जातो.

तिसरी झेक बनावटीची सीझेड ५१२. लाकडी दस्ता, साधे रूप. ज्याला शांतपणे टेबलावर टेकून कागदावर भोके पाडायची आहेत, त्याने ती पाहावी.

नावापेक्षा माप मोठे. दस्त्याचे बूड कोपराच्या खोबणीत ठेवून हात वाकवला असता तर्जनी सहज चापापर्यंत पोचली पाहिजे. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि डोळे उघडावेत. मान न ताणता दुर्बिणीच्या मध्यातून दिसले तर रायफल आपल्या मापाची. मान वर-खाली करावी लागली तर ती दुसऱ्या कोणाची. घरात नवरा-बायको दोघेही नेमबाज असतील तर मागेपुढे होणारा दस्ता सोयीचा. मात्र दोघांनाही सर्टिफिकेट लागेल.

नेमासाठी लोखंडी माशी, लाल ठिपक्याची काच की दुर्बीण? पंचेचाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना माशी आणि लक्ष्य एकाच वेळी स्वच्छ दिसत नाही. त्याने लाल ठिपका किंवा कमी ताकदीची दुर्बीण घ्यावी. दुर्बीण घेताना ती रिमफायरसाठीच जुळविलेली आहे का हे विचारावे. मोठ्या रायफलीची दुर्बीण बहुधा शंभर यार्डांसाठी जुळविलेली असते. पन्नासवर डोळा जरा हलला की नेम हलल्यासारखा दिसतो.

काडतुसे एकाच कंपनीची पेटीभर घेऊ नयेत. सेमी-ऑटोमॅटिकचे यंत्र काडतुसाच्या जोरावर चालते. फार सौम्य काडतूस घातले तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. चार कंपन्यांच्या पन्नास-पन्नासच्या डब्या आणाव्यात. जे काडतूस अडकत नाही आणि भोके जवळजवळ पाडते, त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. महाग तेच चांगले असे येथे नाही. एका रायफलीला जे मानवते ते शेजारच्या तशाच रायफलीला मानवेल असेही नाही.

एक सवयीची सूचना. दहा गोळ्यांचे मॅगझिन असले तरी पहिले काही महिने त्यात पाचच भराव्यात आणि प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली घ्यावी. सेमी-ऑटोमॅटिकचा मोह वेगाचा. पिस्तुलावर कमावलेले बोट त्या वेगात बिघडते. आणि ज्याला वेगात रस नाही, जुन्या रिव्हॉल्व्हरचे काडतूसच आठवते, त्याने .३५७ ची लिव्हर रायफल क्लबात चालवून पाहावी. काडतूस महाग पडते, पण सेमी-ऑटोमॅटिक हवीच होती का, हा प्रश्न तिथे सुटतो.

घरातली व्यवस्था

तोरातील अनुवाद या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा, म्हणजे मआके, बांधण्याची आज्ञा आहे, कोणी पडून घरावर रक्ताचा दोष येऊ नये म्हणून. रायफलीचे लोखंडी कपाट हा तसाच कठडा आहे.

कपाट भक्कम विटांच्या भिंतीला बोल्टने जखडावे. स्लाऊच्या कित्येक घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर पातळ फळ्या ठोकून केलेल्या असतात. त्या भिंतीला कपाट लावले तर भिंतीसकट निघते. भाड्याचे घर असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी. काडतुसे रायफलीपासून वेगळी, कुलपात ठेवावीत.

किल्ली फक्त सर्टिफिकेट असणाऱ्याकडे. बायकोकडे नाही, आईकडे नाही, आजोबांकडेही नाही. आपल्याकडे किल्ल्या घरच्या वडील माणसाकडे ठेवण्याची रीत आहे, तिचा येथे मान ठेवू नये. मुलगा म्हणाला, "आई, मी बाहेरगावी जातो, किल्ली तुझ्याकडे राहू दे," तर नको म्हणावे. ती कुठे ठेवली आहे हे माहीत असणेही बरे नव्हे. अविश्वास म्हणून नव्हे. घरातल्या कोणाचे मन कधी खचेल, कोणाची स्मृती कधी जाईल, हे आज सांगता येत नाही.

रेंजवरून आल्यावर शिशाची धूळ हाताला आणि कपड्यांना असते. हात गार पाण्याने व साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत, आणि मग नातवंडांना उचलून घ्यावे. रेंजवर कानाला संरक्षण नसेल तर गोळी सोडू नये. आमच्या वयाच्या कित्येकांचे कान एनसीसीत गेले. तेव्हा कापसाचे बोळे घालायलाही कोणी सांगत नसे.

सहीची गोष्ट

सर्टिफिकेटच्या अर्जाला दोन दाखले लागतात. दाखला देणारा ग्रेट ब्रिटनमध्ये राहणारा, चांगल्या वर्तणुकीचा, आणि अर्जदाराला निदान दोन वर्षे स्वतः ओळखणारा असावा लागतो. घरचा माणूस चालत नाही. म्हणूनच समाजातल्या निवृत्त शिक्षकाकडे, सिनेगॉगच्या जुन्या कार्यकर्त्याकडे ही मुले येतात. 'तुमच्या मावशींना मी ओळखतो' ही ओळख येथे पुरत नाही. त्या मुलाला स्वतः ओळखले पाहिजे. सहा महिन्यांपूर्वी आलेल्याला प्रेमाने सांगावे, "अजून थांब, तोवर क्लबात जा."

१२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लिमथ शहरात एका तरुणाने पाच जणांना ठार केले. त्याची बंदूक पोलिसांनी आधी काढून घेतली होती आणि काही आठवड्यांपूर्वीच परत दिली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून डॉक्टरची माहिती घेतल्याशिवाय सर्टिफिकेट द्यायचे नाही, असा नियम झाला. पण डॉक्टरला दहा मिनिटांत दिसते ते थोडे. राग आला की हा मुलगा काय करतो, दारू किती घेतो, घटस्फोटानंतर किंवा लढाईवरून परत आल्यावर त्याला झोप लागते का, हे शब्बाथला शेजारी बसणाऱ्याला अधिक कळते.

म्हणून सही करण्यापूर्वी आम्ही त्या मुलाला चहाला बोलावतो आणि चार गोष्टी विचारतो. रायफल कशासाठी हवी? क्लबात किती वेळा गेलास? कपाट कुठे लावणार? आणि कधी तुझे मन ठीक नसेल तर ती क्लबात किंवा दुकानदाराकडे ठेवायला स्वतःहून देशील का? पहिल्या तिन्हींची उत्तरे पाठ करून देता येतात. चौथ्या प्रश्नाला कोणी चिडतो, कोणी थांबून विचार करतो. जो थांबून विचार करतो, त्याच्या फॉर्मवर आम्ही सही करतो. मनात शंका राहिली तर करत नाही, आणि तसे तोंडावर सांगतो. नाते दोन महिने आंबते, पुढे सुधारते.

आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी मुंबई पलटणीत सुभेदार, सुभेदार-मेजर म्हणून नाव कमावले. त्यांच्या हातात बंदूक दिली ती कोणीतरी माणूस पारखूनच. तुमच्याकडे असा फॉर्म घेऊन कोणी आला, तर घाईने पेन उघडू नका आणि घाईने दारही लावू नका. बसवून घ्या, विचारा, ऐका. मग ठरवा.

शालोम.